कोठार आणि शिधा

चालकांनी आम्हाला शिध्यावर बोलायला सांगितलं. शिधा म्हटला की कोठार आलंच.

दुष्काळात दामाजीपंतांनी मंगळवेढ्याचं सरकारी कोठार गरिबांना उघडून दिलं, ही कथा आम्ही कीर्तनात किती वेळा लावली त्याला मोजदाद नाही. पण कोठार उघडायचं तर आधी ते भरलेलं पाहिजे. १९६५-६६ साली आपल्या देशाचं भरलेलं नव्हतं. अमेरिकेचं जहाज लागलं की गहू यायचा. शास्त्रीजींनी सोमवारी एक वेळ जेवण सोडा म्हणून सांगितलं. एकादशी धरणाऱ्याला त्यात जड काय?

बहात्तरच्या दुष्काळात आम्ही लहान. घरची माणसं खडी फोडायला आणि चुलीवर रेशनची मिलो, ती परदेशी तांबडी ज्वारी. भाकरी थापता थापता तुटायची. मालदांडीच्या मुलखात ही गत!

सरकारनं पुष्कळ केलं, ते नाकारू नये. १९६५ साली अन्न महामंडळ निघालं, भाव सुचवणारा आयोग बसला. १९६६ साली मेक्सिकोहून १८ हजार टन गव्हाचं बियाणं आलं. खत आलं, पाणी आलं आणि मुख्य म्हणजे पिकलेलं सरकार घेणार ही खात्री आली. त्या खात्रीवर पंजाब-हरियाणाच्या शेतकऱ्यानं कोठार भरलं. करोनात माणशी पाच किलो धान्य फुकट मिळालं, तेव्हा कुणी जहाजाची वाट बघत बसलं नाही.

पण खात्री मिळाली गव्हा-तांदळाला, ज्वारीच्या वाट्याला नुसता आकडा. २०२४-२५ ला संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३३७१ रुपये होता. आकडा बरा आहे हो, पण आमच्याकडं खरेदी केंद्र उघडेपर्यंत निम्म्या गावाची रास व्यापाऱ्याच्या दारात गेलेली असते. मग शेतकरी सोयाबीन धरतो, पाणी असलं की ऊस. ज्वारी गेली की कडबा जातो, आणि कडबा गेल्यावर दावणीला बैल राहत नाही. रथाला बैलजोडी शोधताना चालकांचे काय हाल होतात, ते त्यांनाच विचारा.

आपल्या दिंडीतही पूर्वी घरटी पायलीभर ज्वारी-बाजरी यायची, आता रेशनचे गहू-तांदूळ येतात. त्याला आम्ही नावं ठेवत नाही, अन्न आहे ते. पण जे धान्य दिंडी विकत घेते, त्यातली दहा पोती ज्वारी गावातल्याच कोरडवाहू शेतकऱ्याकडून घ्यावी. भाव हमीभावाच्या खाली नको, आणि तो रब्बीच्या पेरणीआधी, आश्विनातच सांगून टाकावा. एवढं कोठार आपल्यालाही भरता येईल.

भाकरी थापायला बाया मिळत नाहीत, असं कुणी म्हणेल. खरं आहे. मग बाप्यांनी शिकावं. आम्ही शिकलोय, वाकडी होते, पण भाजते.