पाण्याचा जोर, हाताचा ताबा



मी कळमनुरी तालुक्यातला, आंध समाजातला. आमच्याकडे सोयाबीन निघालं की पुष्कळ घरांना कुलूप लागतं. माणसं ऊसतोडीला जातात आणि मुलांची शाळा सुटते. मीही चार हंगाम कोयता चालवला. आता अकोला-नांदेड रस्त्यावरच्या एका वॉशिंग सेंटरवर गाड्या धुतो.

आजी म्हणाली, "गाडी धुवायला काय शिकायचं? आपण बैल धूत नाही का?" तुम्हालाही तसं वाटेल, म्हणून सांगतो.

प्रेशर पंपाची बारीक धार अंगाला लागली तर कातडी फाटते. पत्र्याला फार जवळ धरली तर रंग उडतो. म्हणून धार पसरट ठेवायची, हातभर लांब धरायची. तापलेल्या इंजिनावर पाणी मारायचं नाही. वायरिंग, फ्यूजचा डबा आधी झाकायचा. रेडिएटरच्या पात्या नाजूक असतात, तिथं जोर कमी करायचा. आधी नुसत्या पाण्यानं माती सोडवायची, मगच शाम्पूचा कपडा लावायचा. नाहीतर खडा फिरून ओरखडे पडतात. चाकांचा कपडा वेगळा. हळदीच्या शेतातून आलेला ट्रॅक्टर काळ्या मातीनं माखलेला असतो. तो धुतल्यावर ग्रीसिंग करावंच लागतं, कारण पाण्याच्या जोरानं ग्रीस निघून जातं.

हे हातात बसायला मला सहा महिने लागले. आमची अडचण तिथंच आहे. मुकादम उचल रोख देतो. शिकणाऱ्याच्या हातात सुरुवातीला काहीच पडत नाही. मग घर कसं चालायचं? त्या सहा महिन्यांत तुमच्या मदतीतून माझ्या घरी धान्य पोचलं, म्हणून मी उचल घेतली नाही. यंदा माझी मुलगी वर्षभर एकाच शाळेत बसली.

पुढं स्वतःचं सेंटर टाकायचं आहे. उन्हाळ्यात बोअर आटतात, म्हणून पाणी साठवायला टाकी आणि तेलकट गाळ अडवायला खड्डा आधी लागेल. पंप त्यानंतर.

पण आज माझ्यासाठी काही मागत नाही. गावातली आणखी दोन मुलं माझ्याजवळ शिकताहेत. दिवाळीच्या सुमारास मुकादमाची गाडी येईल. त्याआधी त्यांच्या घरच्या धान्याची सोय झाली, तर ती दोघं गावातच थांबतील.