शिकवण्या घेत घडलेला इंजिनिअर

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या बंगळुरूला शिकत होते तेव्हा मुलांच्या शिकवण्या घेऊन खर्च भागवत. दुसऱ्याला समजावताना आपलंच गणित पक्कं होतं, हे शिकवणी घेणारा प्रत्येक विद्यार्थी जाणतो. पुढे पुण्याचं कॉलेज ऑफ सायन्स, म्हणजे आजचं सीओईपी. १८८३ साली ते इंजिनिअरिंगच्या परीक्षेत पहिले आले. १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले.

पण पुस्तकातलं ज्ञान कसाला लागलं ते धुळ्याजवळ. पांझरा नदीच्या पात्रातून पाणी नेणारा नळांचा सायफन टाकायचा होता, आणि ऐन पावसाळा! काम पावसाळ्यानंतर करू, असं या तरुणाने सुचवलं. वरिष्ठांना ते पटलं नाही. मग पुराशी झगडत त्यांनी ते तडीस नेलं. इंटर्नशिपला निघालेल्या मुलामुलींना मला हीच गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते.