ताईची शाळा : केप कोस्ट

श्रोतेहो, परमुलखात जाऊन सेवा करणाऱ्या माणसांविषयी आपण पुष्कळ ऐकतो. पण ती माणसे परत आल्यावर तिथे मागे काय उरते, हे सहसा कोणी जाऊन पाहत नाही. आज त्याविषयी चार शब्द सांगणार आहे.

माझी थोरली बहीण विज्ञानाची शिक्षिका. अठरा वर्षांपूर्वी एका स्वयंसेवी संस्थेमार्फत ती आफ्रिकेतील घाना देशात दोन वर्षे शिकवायला गेली होती. गाव केप कोस्ट. राजधानी अक्रापासून पश्चिमेला सुमारे दीडशे किलोमीटर, अगदी समुद्राला लागून. असे स्वयंसेवक घानाला नवे नाहीत. अमेरिकेच्या पीस कोअरची पहिली तुकडी १९६१ साली याच देशात उतरली होती. गेल्या वर्षी ताईबरोबर मीही ते गाव पाहून आलो.

कोकणच्या माणसाला तिथे फारसे परके वाटणार नाही. तसेच माड, तसाच मासळीचा वास. प्रचंड झाडाचे एकच खोड कोरून केलेल्या रंगीत होड्या. मासे आणायचे पुरुषांनी. विकायचे किंवा धुरी देऊन टिकवायचे बायकांनी. मंगळवारी मात्र होड्या समुद्रात जात नाहीत. तो समुद्रदेवाच्या विसाव्याचा वार. आपल्याकडे नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या ओढून ठेवतात ना, तसेच काहीसे. खायला केंके, म्हणजे मक्याचे पीठ आंबवून, पानात बांधून उकडलेले गोळे. सोबत तळलेला मासा आणि झणझणीत मिरची.

तिथले फान्टी लोक जन्मवारावरून नाव ठेवतात. ताई शुक्रवारची, म्हणून ती तिथे एफुआ. मी बुधवारचा, म्हणून मला क्वेकू म्हणू लागले.

याच नावाचा एक माणूस गावच्या किल्ल्यात चिरविश्रांती घेत आहे. किल्ला इंग्रजांचा. वर अधिकाऱ्यांच्या हवेशीर खोल्या आणि खाली काळोखी तळघरे. जहाजे येईपर्यंत गुलामांना तिथे कोंडून ठेवीत. इंग्रजांनी हा व्यापार कायद्याने बंद केला तो १८०७ मध्ये. त्याच किल्ल्यात १७६६ पासून फिलिप क्वेकू नावाचा पाद्री मुलांची छोटी शाळा चालवीत होता. जन्म केप कोस्टचाच, शिक्षण इंग्लंडातले. १८१६ मध्ये मरेपर्यंत, सुमारे पन्नास वर्षे, तो तिथेच राहिला. त्याच्या कबरीपाशी ताई बराच वेळ उभी होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिच्या शाळेत गेलो. ताईला एकच धास्ती होती, की आपण निघून आल्यावर प्रयोगशाळेला कुलूप लागले असेल. पाहतो तो आत तास चालू! शिकवणारा तरुण तिथलाच, केप कोस्ट विद्यापीठातून तयार झालेला. हे विद्यापीठ १९६२ साली मुख्यत: शिक्षक घडवण्यासाठीच निघाले. त्या तरुणाने ताईचे नाव कधी ऐकलेले नव्हते. तिच्या हातच्या चिठ्ठ्या लावलेल्या बाटल्याही आता नव्हत्या. त्याने आदराने आम्हांला मागच्या बाकावर बसवले आणि पुढे शिकवू लागला.

बाहेर आल्यावर मी विचारले, "ताई, वाईट वाटलं का गं?"

ती म्हणाली, "वाटलं थोडं. पण अरे, मुलगा अडला की हा मास्तर त्याला त्याच्या भाषेत समजावतो. मला दोन वर्षांत ते जमलं नव्हतं. आता तिथं माझी जागा रिकामी नाही, हेच बरं झालं."

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, बदलीचा हुकूम तुम्हांला नवा नाही. जुन्या गावी कधी पुन्हा गेलात, तर आपली आठवण कोण काढतो हे जरूर पाहा. माणसाचे मन आहे. पण आधी वर्गाच्या खिडकीतून आत डोकवा. तिथे तास चालू असेल, तर तुमचे तिथले दिवस सत्कारणी लागले असे खुशाल समजा.