विश्वकर्त्याकडून कोणी काय मागितले?



तत्त्वज्ञानाच्या परिषदेत अध्यक्षाने विषयाच्या सद्यःस्थितीचा आढावा घ्यावा आणि अनुदानाबद्दल थोडी तक्रार करावी, असा प्रघात आहे. तक्रार आपण चहाच्या वेळी करू. मी एकच जुना प्रश्न घेऊन उभा आहे: हे विश्व कोणी केले? आपल्याकडे तो परीक्षेपुरता उरला आहे. काही युक्तिवाद बाजूने, काही विरुद्ध, शेवटी एक सावध वाक्य, की गुण पदरात. मला वाटते, त्याआधी वेगळी चौकशी व्हायला हवी. ज्यांनी विश्वकर्ता मांडला किंवा नाकारला, त्यांना त्याच्याकडून कोणते काम करून घ्यायचे होते?

प्लेटोच्या 'टायमियस' संवादातला विश्वकर्ता कारागीर आहे. तो शून्यातून काही काढत नाही. द्रव्य आधीच आहे, तेही अस्ताव्यस्त. नमुनेही आधीच आहेत, तेही नित्य. नमुन्यांकडे पाहत तो विश्व घडवतो, आणि जडाची आडमुठी गती त्याला समजावून-वळवून घ्यावी लागते, पूर्ण नमवता येत नाही. तो चांगला आहे, मत्सरी नाही, म्हणून सगळे होईल तितके चांगले व्हावे असे त्याला वाटते. प्लेटोला हवी होती ती विश्वातल्या सुव्यवस्थेची हमी. गंमत अशी की 'रिपब्लिक'मध्ये कारागिरांना राज्यकारभारापासून दूर ठेवणाऱ्या या माणसाने विश्व घडवायला मात्र कारागीरच बोलावला. पुढे ज्ञानवादी (ग्नॉस्टिक) पंथांनी कारागीर ठेवला आणि त्याचा चांगुलपणा काढून घेतला. १९४५ साली इजिप्तमध्ये नाग हम्मादीजवळ सापडलेल्या काही पोथ्यांत हा कर्ता अज्ञानी आणि गर्विष्ठ आहे, आणि त्याने केलेले जग म्हणजे आत्म्याचा तुरुंग. प्लेटोने ज्याची प्रशस्ती लिहिली, त्याच्यावर त्यांनी आरोपपत्र ठेवले.

आता आपल्याकडे येऊ. न्यायदर्शनाचे मिथिलेचे पंडित उदयनाचार्य यांनी दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमारास 'न्यायकुसुमांजली' लिहिली. पुरीच्या देवळाचे दार बंद दिसताच त्यांनी जगन्नाथालाच सुनावले की, बौद्ध चालून येतात तेव्हा तुझे अस्तित्व माझ्या हाती असते, अशी आख्यायिका आहे. खरी नसेल, पण नैयायिकाचा स्वभाव तिच्यात बरोबर उतरला आहे. त्यांचे प्रसिद्ध अनुमान आपण सगळे शिकवतो: जे कार्य आहे त्याला कर्ता असतो, जसा घटाला कुंभार, पृथ्वी हे कार्य आहे, म्हणून तिलाही कर्ता आहे. मात्र एक गोष्ट वर्गात निसटते. या ईश्वराने परमाणू केलेले नाहीत, जीवही केलेले नाहीत. दोन्ही नित्य आहेत. तो जुळवणी करतो, जिवांच्या अदृष्टानुसार, म्हणजे कर्माच्या संचितानुसार, फळ देतो आणि वेदांचे कर्तृत्व सांभाळतो. अदृष्ट जड आहे, ते आपणहून कसे फळणार, यासाठी त्याची गरज. आणि वेद प्रमाण ठरायचे तर त्यांचा वक्ता सर्वज्ञ हवा, यासाठीही गरज.

नेमके इथेच त्याआधी सुमारे तीन शतके मीमांसक कुमारिल भट्ट अडले होते. वेदांचा एवढा कडवा कैवारी दुसरा नाही, आणि 'श्लोकवार्तिका'त विश्वकर्त्याची इतकी झाडाझडती घेणाराही दुसरा नाही. करुणेपोटी सृष्टी केली म्हणावे, तर सृष्टीपूर्वी कीव करायला होते कोण? खेळ म्हणून केली, तर तो पूर्णकाम कसा? 'मीच तुम्हाला घडवले' असे त्याने पहिल्या माणसांना सांगितले असेल, तरी त्यांनी ते खरे का मानावे? तो स्वतःचा मोठेपणाही मिरवत असेल! कुमारिलांची ही तिखट भाषा कशासाठी? वेदांना कर्ता लागू नये म्हणून. वेदांची प्रतिष्ठा टिकवण्यासाठी उदयनांना ईश्वर हवा होता, कुमारिलांना तो नको होता.

बौद्ध तार्किक धर्मकीर्तींनी या कुंभाराच्या अनुमानाविरुद्ध वारुळाचे उदाहरण दिले: मातीला आकार आहे एवढ्यावरून कर्ता मानायचा, तर वारूळही कुंभारानेच केले म्हणा. राष्ट्रकूटकाळात जैन आचार्य जिनसेनांनी 'महापुराणा'त हीच धार वापरली. अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांनी 'कॉसमॉस'मध्ये त्यांचा उतारा घेतला, तेव्हा आपल्यातल्या काहींना जिनसेन माहीत झाले. असो.

मला जास्त वेळ द्यायचा आहे तो महात्मा फुल्यांच्या 'निर्मिका'ला, म्हणजे त्यांच्या विश्वकर्त्याला. 'सार्वजनिक सत्य धर्म पुस्तक' त्यांच्या निधनानंतर, १८९१ साली प्रसिद्ध झाले. त्यावर विचारवंत थॉमस पेनचा आणि युरोपीय ईश्वरवादाचा प्रभाव आहे, हे सगळे सांगतात आणि तिथेच थांबतात. पण हा निर्मिक उदयनांच्या ईश्वरासमोर ठेवून पाहा. उदयनांचा ईश्वर कर्मफळ वाटतो. म्हणजे जन्माने आलेली उच्चनीचता त्याच्या हिशेबात बसते. फुल्यांचा निर्मिक सगळ्या स्त्रीपुरुषांना सारखेच स्वतंत्र करतो; जन्माने आलेली उच्चनीचता त्याच्या हिशेबातच नाही. उदयनांचा ईश्वर वेदांचा वक्ता आहे. फुल्यांनी स्थापलेल्या सत्यशोधक समाजाच्या मते कोणताच ग्रंथ ईश्वरप्रणीत नाही. निर्मिकाला मध्यस्थ नको, नामस्मरण नको, फुलेही नकोत. एकाच घरात आईने बौद्ध, बापाने ख्रिस्ती, मुलीने मुसलमान आणि मुलाने सत्यधर्मी असावे आणि सगळ्यांनी प्रेमाने नांदावे, असे कुटुंब या पुस्तकात आहे. सगळ्यांचा कर्ता एकच आणि त्याने कोणा एकाच्या हाती पोथी दिलेली नाही, या गृहीतातून ते थेट निघते. याला समाजसुधारणेचे लेखन म्हणून बाजूला काढणे मला चुकीचे वाटते. कर्त्याच्या कल्पनेतून हक्कांकडे जाणारा तो सरळ युक्तिवाद आहे.

आणि फुल्यांना गुरू मानणाऱ्या डॉ. आंबेडकरांनी हाच कर्ता सोडून दिला. १९५७ साली, त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात ते विचारतात की ईश्वराने जग कशापासून केले: काही नव्हते त्यातून, की काही होते त्यातून? पुढे कारण येते. ईश्वरावरचा विश्वास पूजेकडे नेतो, पूजा पुरोहिताकडे, आणि पुरोहित अंधश्रद्धेकडे. फुल्यांनी पुरोहित हटवण्यासाठी निर्मिक आणला. बाबासाहेबांनी पुरोहित हटवण्यासाठी कर्ताच हटवला. दोघांना हवे होते ते एकच. दोघांतला हा मतभेद सोयीस्करपणे झाकणारे भक्त दोन्हीकडे आहेत. त्यांच्यामुळे आपण एका चांगल्या वादाला मुकलो आहोत.

म्हणून विद्यापीठांच्या अभ्यासमंडळांवर बसणाऱ्या मित्रांना माझी विनंती आहे. 'सार्वजनिक सत्य धर्म पुस्तक' मराठीच्या आणि समाजशास्त्राच्या विभागांत वाचले जाते, ते तत्त्वज्ञानाच्या प्रश्नपत्रिकेत आणा. कुमारिल, उदयन, फुले आणि आंबेडकर एकाच घटकात, एकमेकांसमोर शिकवा. आणि मागच्या रांगेतल्या विद्यार्थ्यांनो, मूळ ग्रंथ उघडा, आणि पूर्वपक्ष गाळू नका.