होई आन : नदीकाठचे जुने बंदर

व्हिएतनामच्या मध्यभागी थु बोन नावाची नदी समुद्राला मिळते. तिच्या मुखापासून थोडे आत होई आन हे गाव आहे. १६ व्या आणि १७ व्या शतकांत ही पूर्व समुद्रावरची मोठी पेठ होती. चिनी आणि जपानी व्यापारी इथे घरे करून राहत, पोर्तुगीज आणि डच जहाजे येत. रेशीम, चिनी मातीची भांडी, मिरी, अगरू यांचा व्यवहार चाले. पुढे १६३५ साली जपानने आपल्या प्रजेला परदेशगमनाची बंदी केली आणि जपानी वस्ती हळूहळू विरून गेली. त्यांच्या नावाने ओळखला जाणारा छपराचा पूल तेवढा राहिला. व्हिएतनामच्या वीस हजार डाँगच्या नोटेवर चित्र आहे ते याच पुलाचे. मग नदी गाळाने भरत गेली, मोठी जहाजे आत येईनात, आणि १९ व्या शतकात सगळा व्यापार ३० किलोमीटरवरच्या दानांगला गेला.

आता गंमत बघा. बंदर बुडाले म्हणून गाव वाचले! हातात पैसा नाही, तर जुने पाडून नवे बांधणार कोण? लाकडी घरे, कौलारू छपरे, चिनी व्यापाऱ्यांची सभागृहे जशीच्या तशी उभी राहिली. १९८० नंतर काझिमिएझ क्वियात्कोव्स्की या पोलंडच्या वास्तुतज्ज्ञाने ती जपावीत म्हणून फार खटपट केली. गावाने त्याचा पुतळा उभारला आहे. १९९९ मध्ये युनेस्कोने होई आनला जागतिक वारसा ठरवले, आणि तेव्हापासून गावाचे पोट मुख्यतः पाहुण्यांवर चालते. म्हणून तुम्ही तिथे काय विकत घेता, काय खाता आणि कुठे उतरता, याला महत्त्व आहे.

खरेदीचे म्हणाल, तर पहिला मान शिंप्यांचा. गावात शिंप्यांची दुकाने शेकड्यांनी आहेत. सकाळी माप द्यावे आणि दुसऱ्या दिवशी कपडा घ्यावा, अशी त्यांची ख्याती. पण माझे ऐकाल तर घाई करू नका. तीन दिवस हाताशी ठेवा, अंगाला बरोबर बसणारा एखादा जुना कपडा नमुन्याला न्या आणि अर्धवट शिवलेला कपडा एकदा घालून बघा. एका रात्रीत शिवून हवा म्हटले, की त्या रात्री कुणीतरी जागत असते, हेही ध्यानात ठेवावे. रेशीम म्हणून जे दाखवतात ते सगळे रेशीम नसते, बरं का. एक सूत मागून घ्या आणि जाळून बघा. खऱ्या रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांनी चुरडते. नकली धागा वितळतो आणि त्याची टणक गोळी होते. ही परीक्षा घ्यायला शिंपी नाही म्हणू लागला, तर पुढच्या दुकानात जावे.

दुसरी वस्तू आकाशकंदील. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा आणि त्यावर ताणून बसवलेले रेशमी कापड. छत्रीसारखा मिटतो, त्यामुळे पिशवीत सहज मावतो. चांद्रमासाच्या चौदाव्या रात्री जुन्या पेठेतले विजेचे दिवे मंद करतात आणि हे कंदील लावतात. दुकानात टांगलेला उचलण्यापेक्षा जिथे कामट्या तासताना दिसतील तिथून घ्या. बाजारात भाव करायला कुणी लाजत नाही, तुम्हीही लाजू नका. मात्र नोटांवरच्या शून्यांना भिऊ नका, आपल्या एका रुपयाला काहीशे डाँग पडतात.

खाण्यात होई आनचा स्वतःचा असा पदार्थ म्हणजे काव लाव. तांदळाच्या जाड, पिवळसर, जरा चिवट शेवया, त्यावर डुकराच्या मांसाचे काप, हिरवा पाला, कुरकुरीत तळलेले तुकडे आणि तळाशी थोडासाच रस्सा. तांदूळ राखेच्या निवळीत भिजवतात, त्यामुळे शेवयांना तो रंग आणि चिवटपणा येतो. आपल्याकडे पापडात पापडखार घालतात, त्याच जातीची ही युक्ती. पाणी बा ले नावाच्या जुन्या विहिरीचेच हवे, असा गावकऱ्यांचा आग्रह.

शाकाहारी मंडळींनी एक शब्द पाठ करावा : ‘चाय’. आपल्याकडे हा शब्द उच्चारला तर कपबशी पुढे येते, तिथे बिनमांसाचे जेवण येते. बौद्ध लोक चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला मांस वर्ज्य करतात, त्यामुळे अशा खानावळी असतात. पण नुसते ‘मांस नको’ म्हणून भागत नाही, कारण मासे मिठात मुरवून काढलेला नुओक मम हा रस पुष्कळ पदार्थांत असतो. तो नको, असे वेगळे सांगावे.

त्या ताटातला पाला येतो तो जवळच्या त्रा क्वे गावातून. शेतकरी श्रोत्यांनी हे गाव मुद्दाम पाहावे. वाळूमिश्रित जमिनीत छोटे वाफे करतात आणि पाणवठ्यातले शेवाळ काढून खत म्हणून घालतात. तुळस, पुदिना, कोथिंबीर यांचा वास रस्त्यापर्यंत येतो. २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेने उत्तम पर्यटन-ग्रामांत त्याची निवड केली.

उतरायला मोठी हॉटेले आहेतच. पण शेतांच्या बाजूला कुटुंबे आपल्या घरातल्या खोल्या देतात, तिथे राहिलेले बरे. सकाळी न्याहारी मिळते, सायकल मिळते आणि पैसे त्या घरातच राहतात. जुन्या पेठेत पुष्कळ मालकांनी आपली घरे दुकानांना भाड्याने दिली आहेत आणि स्वतः बाहेर राहायला गेले आहेत. भिंती तशाच आहेत, पण रात्री दुकान मिटले की आत चूल पेटत नाही. मला त्या गावाची खरी काळजी वाटते ती इथे.

हाताशी एक दिवस जास्त असेल तर मी-सन पाहून या. चौथ्यापासून तेराव्या शतकापर्यंत चाम राजांनी बांधलेली ही विटांची देवळे. इथला मुख्य देव भद्रेश्वर, म्हणजे आपला शंकर, आणि शिलालेख संस्कृतात! १९६९ च्या अमेरिकी बाँबफेकीत बरेच पडले. भारतीय पुरातत्त्व खात्याने २०१७ ते २०२२ या काळात काही देवळांची डागडुजी केली. त्या कामात २०२० साली नवव्या शतकातले अखंड शिवलिंग सापडले.

जायचे ते फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये. ऑक्टोबर-नोव्हेंबरात थु बोन गावात शिरते. जुन्या घरांच्या माळ्याला चौकोनी झडप असते, तिच्यातून मालाची पोती आणि सामान दोराने वर ओढून घेतात. तान की नावाच्या जुन्या घराच्या भिंतीवर एकेका पुराची खूण वर्षासह लिहून ठेवली आहे. १९६४ ची खूण डोक्याच्या वर जाते. २०२५ च्या ऑक्टोबरअखेरीस पुन्हा मोठा पूर आला, पेठेतून नावा चालल्या, आणि पाणी उतरू लागताच लोकांनी त्याच पाण्याने घरातला चिखल धुऊन बाहेर लोटला.