न येणाऱ्यांची यादी



दवाखाना कसा चालला आहे हे आपण सारे बाहेरच्या गर्दीवरून ठरवतो. बाकावर बसायला जागा नाही म्हणजे दवाखाना उत्तम! परंतु ज्यांचा रक्तदाब वाढलेला असतो, त्यांतील बहुतेकांचे काही दुखत नाही की खुपत नाही. ते बाकावर येऊन बसतील कशाला? मग एके दिवशी अर्धांगाचा झटका येतो आणि घरची माणसे म्हणतात, ‘कालपर्यंत ठणठणीत होते हो!’ ठणठणीत नव्हते. त्यांच्या दंडाला कोणी पट्टा बांधला नव्हता, इतकेच.

वेल्समध्ये ग्लिनकॉरग नावाचे एकेकाळचे कोळसाखाणीचे खेडे आहे. १९६१ साली तेथे डॉ. ज्युलियन ट्यूडर हार्ट नावाचे डॉक्टर गेले. त्यांनी शिबिर भरवले नाही की दवंडी पिटली नाही. कोणी खोकल्यासाठी येवो, कोणी दाखला मागायला येवो, त्याचा रक्तदाब मोजायचा आणि आकडा त्याच्या कागदावर टिपायचा, एवढाच नेम त्यांनी ठेवला. लहान गावात आज ना उद्या बहुतेक प्रत्येक जण दवाखान्याची पायरी चढतोच. ज्यांच्या कागदावर आकड्याची जागा कोरी राहिली, अशांना त्यांनी शेवटी मुद्दाम गाठले. या कामाचा वृत्तांत १९७० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. आमच्या मते सारे इंगित त्या कोऱ्या जागेत आहे. कोण आले हे तर कोणताही दवाखाना सांगेल; कोण आले नाही, हे सांगणारा विरळा. ज्यांना मदतीची गरज अधिक, त्यांच्याच वाट्याला ती कमी येते, हा याच डॉक्टरांनी १९७१ मध्ये मांडलेला सिद्धान्त पुढे जगभर गाजला.

ही यादी कागदावरच हवी असेही नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून जामखेडला ज्या ग्रामीण स्त्रिया तयार केल्या, त्यांतील कित्येकींना अक्षरओळख नव्हती. पण कोणत्या घरी गरोदर सून आहे, कोणाचे मूल टोचायचे राहिले, हे त्यांना तोंडपाठ असे.

आज तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा रक्तदाब आणि साखर तपासावी, असे सरकारी धोरण आहे. आशाताई घरोघर जाऊन माहितीचा तक्ता भरतात. धोरण चांगलेच आहे. मात्र तक्ता भरला की काम संपले, असे जेथे समजतात तेथे सारे मुसळ केरात! रक्तदाब १४०/९० च्या वर निघालेला मनुष्य पुढच्या महिन्यात परत आला का? नाही आला, तर त्याच्या घरी कोण जाणार, कोणत्या वारी? हे वहीत लिहिलेले हवे, आणि ती वही डॉक्टरांकडे नव्हे, परिचारिकेकडे हवी. डॉक्टरांची बदली होते.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. गोळ्या एका वेळी निदान महिनाभराच्या द्याव्यात. आठ दिवसांच्या गोळ्यांसाठी रोजगार बुडवून, एस. टी.चे भाडे भरून आलेला शेतमजूर दोनदा येईल, फार तर तीनदा. मग त्याचे नाव आपल्या यादीत येते.