जाळीत आधी सापडणारा मासा



प्राणिशास्त्र शिकवणाऱ्यांच्या सभेत अध्यक्षाने विषयाचा शतकभराचा आढावा घ्यावा अशी रीत आहे. ती मी आज मोडतो आहे. मला बोटभर माशांच्या स्वभावाबद्दल बोलायचं आहे. ‘माशाला कसला आलाय स्वभाव!’ असं पुढच्या रांगेत कुणी तरी पुटपुटलंच. ते मला ऐकू आलं.

आपल्या प्रयोगशाळेत नेहमी काय होतं? परिचर टाकीत हातजाळी घालतो. पहिले आठ-दहा गप्पी मासे ‘अ’ बरणीत जातात, पुढचे ‘ब’ बरणीत. एका बरणीत औषध घालायचं, दुसरी तशीच ठेवायची आणि सरासरी काढायची. वाटणी यादृच्छिक झाली असं आपण गृहीत धरतो. पण जाळी पाण्यात शिरताच काही गप्पी हायड्रिला या पाणवनस्पतीत दडतात आणि काही ‘हे काय आलं’ म्हणून जाळीपाशी येतात. म्हणजे औषधाचा थेंब पडण्याआधीच एका बरणीत धीट जास्त झाले आणि दुसरीत बुजरे.

ही माझी कल्पना नव्हे. डेव्हिड स्लोन विल्सन आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली अमेरिकेतल्या पम्पकिनसीड सनफिश या माशांवर असाच शोध घेतला. सापळ्यात आपणहून शिरलेले मासे आणि ओढजाळ्याने पकडलेले मासे त्यांनी शेजारी ठेवून पाहिले. सापळ्यातले प्रयोगशाळेत लवकर रुळले. मात्र प्रत्येक मासा एकेकटा ठेवल्यावर हा फरक ओसरला. स्वभाव हा दगडावरचा लेख नाही, संगतीनेही तो ठरतो. तेव्हा निदान एवढं करा: बरण्या चिठ्ठ्या टाकून ठरवा आणि कोणता मासा कितवा निघाला ते वहीत लिहा.

स्वभाव म्हणजे नेमकं काय मोजायचं? झाकलेल्या कप्प्यात मासा सोडायचा, दार उघडायचं, बाहेर यायला किती वेळ लागला ते पाहायचं. आठवड्याने पुन्हा तोच मासा, तोच कप्पा. आधी निघणारे पुन्हा आधीच निघाले तर ती निव्वळ लहर नव्हे. २००९ साली अनेक प्राण्यांवरच्या अशा अभ्यासांचा एकत्र हिशेब झाला. वर्तनातल्या तफावतीपैकी साधारण ३७ टक्के वाटा प्राण्याप्राण्यांमधल्या टिकाऊ फरकाचा निघाला. उरलेल्या भागात भूक, दिवसाची वेळ, मोजणाऱ्याचा हात, सगळंच आलं.

आता गप्पीकडे नीट पाहा. शिकारी मासा दिसला की थव्यातला एखादा गप्पी पुढे सरकतो, थबकतो, पुन्हा दोन झटके पुढे, आणि वळून मागे. शत्रू भुकेला आहे का, याची ही टेहळणी. ली डुगॅटकिन यांनी टेहळणीतल्या उत्साहावरून गप्पींचे धीट, मध्यम आणि भित्रे असे गट केले आणि त्यांना बास या शिकारी माशासोबत सोडलं. भित्र्यांपैकी ४० टक्के वाचले, मध्यमांपैकी १५ टक्के. धीटांपैकी एकही नाही. मग धीट गप्पी जगात उरले कसे? पुढे १९९६ साली डुगॅटकिन आणि ज्याँ-गी गोदँ यांना आढळलं की माद्यांना धीट नरच अधिक पसंत पडतात. नैसर्गिक निवड एका हाताने घेते ते दुसऱ्या हाताने परत करते. धीट चांगला की भित्रा, हा प्रश्नच मला निरर्थक वाटतो.

मग स्वभाव वेगवेगळे होतात कशाने? यावर ‘हे सगळं जनुकांत असेल’ असं म्हणून सुटका करून घेता येते. ॲमेझॉन मॉलीने ती वाटही बंद केली. मेक्सिको आणि टेक्सासमधली ही मासोळी. जातीत नुसत्या माद्या, आणि लेकी आईच्या जनुकीय नकला. केट लास्कोव्स्की आणि सहकाऱ्यांनी अशा सारख्या जनुकांची पिल्लं सारख्याच टाक्यांत वेगवेगळी वाढवली, तरी प्रत्येकीची चाल निराळी निघाली. पुढच्या प्रयोगात तर जन्मानंतरच्या पहिल्याच दिवशी फरक दिसला. मला या क्षेत्रातलं सर्वांत अस्वस्थ करणारं निरीक्षण हेच वाटतं.

आपल्याकडे डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून पालिकांचे हिवताप विभाग हौदांत आणि विहिरींत गप्पी सोडतात. पैदास टाकीतून भरलेल्या त्या बादलीत कोणत्या स्वभावाचे गप्पी जातात? गप्पीचा भाऊबंद असलेल्या गॅम्बुशियाच्या अभ्यासात, थव्यात न रमणारे मासे दूरवर पसरतात असं दिसलं आहे. आपल्या ओढ्यांत उतरणाऱ्या गप्पींचं काय, हे एखाद्या तालुक्याच्या महाविद्यालयातला विद्यार्थीही शोधू शकेल. लागतं काय? टाकी, मोबाइलचा कॅमेरा आणि चिकाटी.

फक्त डुगॅटकिन यांचा प्रयोग जसाच्या तसा करू नका. शिकारी मरळ मासा शेजारच्या टाकीत, काचेपलीकडे ठेवला तरी गप्पीची टेहळणी मोजता येते, आणि कुणी कुणाच्या पोटात जात नाही.